जुने ब्रिटिश भयपट बघायचे कसे: नटांच्या मागोमाग एक वाटचाल

१९५८चा ब्रिटिश 'ड्रॅक्युला' कुणाला बघायला सांगितला की दुसऱ्या दिवशी हमखास एकच तक्रार येते: "छान आहे, पण भीती नाही वाटली." तक्रार खोटी नाही. आपल्या डोळ्यांना दचकण्याची इतकी सवय झाली आहे की त्या काळचं रक्त आज रंगासारखं दिसतं आणि वटवाघळाची दोरी कळते. तरीही हे सिनेमे मी पुन्हा पुन्हा बघतो. यात भुतापेक्षा भुताशी सामना करणारा माणूस बघण्यासारखा असतो. रंगभूमीवर घडलेले, आवाज आणि उभं राहणं कमावलेले नट तुटपुंज्या पैशांत, थेम्सकाठच्या एका जुन्या घरात पिशाच्चांच्या गोष्टी करत होते. गोष्ट साधी आहे म्हणून त्यांनी काम उरकलं नाही. त्यांची ही निष्ठा एकदा नजरेत भरली की रबरी वटवाघूळ आड येत नाही.

म्हणून या लेखातला क्रम वर्षांचा नाही. तो नटांचा आहे. मुख्य काळ १९४५ ते १९७४ एवढा धरला आहे. त्यातही मी सगळ्यात जास्त वेळ हॅमर फिल्म्स या भयपट काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीपाशी आणि पीटर कुशिंग या नटापाशी थांबणार आहे, कारण या घराचा दरवाजा तिथे आहे.

आधी प्रत तपासा, मग दिवे मालवा

या सिनेमांची निम्मी मजा चुकीच्या प्रतीमुळे जाते. त्यांची अमेरिकेत नावं बदलली गेली, कधी रिळं छाटली गेली, आणि आज इंटरनेटवर दोन्ही प्रकारच्या प्रती फिरत असतात. शोधताना दोन्ही नावं जवळ ठेवा. ब्रिटनमधला 'ड्रॅक्युला' अमेरिकेत 'हॉरर ऑफ ड्रॅक्युला' झाला. 'नाइट ऑफ द डीमन' तिकडे 'कर्स ऑफ द डीमन' आहे. 'द डेव्हिल राइड्स आउट'चा 'द डेव्हिल्स ब्राइड', 'क्वाटरमास अँड द पिट'चा 'फाइव्ह मिलियन इयर्स टू अर्थ', 'विचफाइंडर जनरल'चा 'द कॉन्करर वर्म' आणि 'द सिटी ऑफ द डेड'चा 'हॉरर हॉटेल' झाला. नावापुढचं वर्ष, दिग्दर्शक आणि लांबी या तीन गोष्टी जुळल्या तरच सुरुवात करा. 'नाइट ऑफ द डीमन'ची ब्रिटिश प्रत साधारण ९५ मिनिटांची आहे, तर अमेरिकन प्रतीतून बारा-तेरा मिनिटं कापलेली आहेत. ती छाटलेली प्रत घेऊ नका.

मग टीव्हीची सेटिंग बघा. चित्र जास्त गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर १९६०चा सिनेमा मालिकेसारखा दिसतो. पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नका. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. यातली बरीच रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करून काळसर केलेली आहेत, त्यामुळे ब्राइटनेस वाढवला की जंगलात भर दुपार होते. खोली अंधारी आणि पडदा मूळ उजेडावर, एवढं पुरतं. इंग्रजी सबटायटल्स मात्र जरूर लावा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या कॉर्निश खानावळवाल्याचे उच्चार पहिल्या झटक्यात कुणालाच कळत नाहीत.

पहिला सिनेमा: 'ड्रॅक्युला', १९५८

सुरुवात इथूनच करा. १९३०च्या दशकातले अमेरिकन कृष्णधवल भयपट आधी बघायलाच हवेत असं काही नाही. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँगस्टरची, लांबी ८२ मिनिटं. खर्च सुमारे ८१ हजार पौंड. चित्रीकरण झालं ते विंडसरजवळच्या ब्रे इथल्या डाउन प्लेस नावाच्या जुन्या घरात. हॅमरने ते घर आणि आवारच स्टुडिओ करून टाकलं होतं.

पहिल्या खेपेला गोष्ट सलग बघा. दुसऱ्या खेपेला पुढची ठिकाणं नीट टिपा.

ख्रिस्तोफर लीचा पहिला प्रवेश. जिन्याच्या वर एक उंच काळी आकृती उभी राहते, संगीत धोक्याची सूचना देतं, आपण सुळ्यांची वाट बघतो. ती आकृती भरभर खाली उतरते आणि समोर येतो एक देखणा, सुसंस्कृत यजमान. पाहुणा नीट पोचला म्हणून तो समाधान व्यक्त करतो, त्याची बॅग उचलतो. बोलणं झटपट, चाल झटपट. थोड्याच वेळाने हाच माणूस रक्ताळलेले डोळे घेऊन दारात उभा राहतो तेव्हा धक्का बसतो, तो त्या आधीच्या सौजन्यामुळे. सिनेमाभर लीचं पडद्यावरचं अस्तित्व दहा मिनिटांपेक्षाही कमी आहे, आणि किल्ल्यातल्या सुरुवातीच्या भागानंतर त्याला एकही वाक्य नाही. उरलेला ड्रॅक्युला त्याने १९६ सेंटिमीटर उंची, झगा आणि डोळे यांवर उभा केला आहे.

मग पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग, पिशाच्चांचा माग काढणारा डॉक्टर. लहान मुलगी थडग्यापाशी थंडीत कुडकुडत उभी असते तो प्रसंग बघा. आत एक भयंकर काम बाकी आहे. ते करण्याआधी तो स्वतःचा कोट काढून तिच्याभोवती गुंडाळतो, तिच्याशी लाडाने बोलतो, हातात क्रॉस देतो. दोन मिनिटांत कळतं की हा माणूस पिशाच्चं का मारतो. त्याला रक्ताची हौस नाही. त्याला मुलांची काळजी आहे. भयपटातला नायक एवढा मायाळू असू शकतो, हे मला तरी या प्रसंगाने शिकवलं.

शेवटची झटापट तर आता प्रसिद्धच आहे. टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढणं आणि दोन मेणबत्तीदानांचा क्रॉस करणं, या कल्पना कुशिंगने सुचवलेल्या. पटकथेत तो खिशातून आणखी एक क्रॉस काढणार होता. सिनेमाभर खिशातून क्रॉसच काढत राहिलो तर गंमत काय, असं त्याला वाटलं. नटाने आपली भूमिका किती आतून विचारात घेतली होती, त्याचा हा पुरावा.

ड्रॅक्युलाचा शेवट दाखवणाऱ्या दृश्याचे काही तुकडे ब्रिटिश सेन्सॉरमुळे गेले होते. २०११मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहातल्या जपानी प्रतीत ते सापडले, आणि नंतरच्या पुनरुज्जीवित आवृत्तीत जोडले गेले. शक्य असेल तर हीच आवृत्ती मिळवा.

दुसरा सिनेमा, आणि कुशिंगचे हात

'ड्रॅक्युला'नंतर लगेच एक वर्ष मागे या: 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन', १९५७. तोच दिग्दर्शक, तीच जोडी, पण पारडं उलटलेलं. इथे राक्षस घडवणारा बॅरन फ्रँकेन्स्टाइन झालेला कुशिंग दुष्ट आहे आणि राक्षस झालेला ली दयनीय.

जॅक पिअर्सने घडवलेल्या अमेरिकन राक्षसाच्या चेहऱ्यावर युनिव्हर्सल कंपनीचा हक्क होता. सपाट डोकं आणि मानेतले खिळे वापरले असते तर खटला उभा राहिला असता. म्हणून रंगभूषाकार फिल लीकीने अगदी शेवटच्या क्षणी अपघातात चिरडून पुन्हा शिवलेल्या माणसासारखा वेगळा चेहरा घडवला. बंधनामुळे चांगलं काम झाल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. लीला यात संवाद नाहीतच. त्याचं चालणं बघा. हात-पाय वेगवेगळ्या माणसांचे आहेत आणि एकमेकांचं ऐकत नाहीत, असं तो चालतो.

कुशिंगच्या हातात काही ना काही सतत असतं: भिंग, चिमटा, नळी, सिगारेट. वस्तू हाताळण्याच्या या सवयीमुळे सहकारी त्याला 'प्रॉप्स पीटर' म्हणत. त्याच्या हातात शस्त्रक्रियेचं हत्यार बघितलं की हा माणूस वर्षानुवर्षं हेच करत आला असेल, याची खात्री पटते. एका प्रसंगात रक्ताने माखलेला हात तो स्वतःच्या उंची कोटाला सहज पुसतो. आणि एका खुनानंतर सिनेमा थेट सकाळच्या न्याहारीवर येतो, तिथे हाच बॅरन शांतपणे मार्मलेड मागतो. संवाद काहीच सांगत नाही, हात आणि स्वर सगळं सांगतात.

अमेरिकन मालिका राक्षसाच्या मागे गेली होती. हॅमर डॉक्टरच्या मागे गेला. कुशिंगने हा बॅरन सहा सिनेमांत केला, १९५७ ते १९७४. सगळे बघायची गरज नाही. पहिला बघा, 'द रिव्हेंज ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९५८) बघा आणि मग 'फ्रँकेन्स्टाइन मस्ट बी डिस्ट्रॉइड' (१९६९). हा तिसरा सगळ्यांत कठोर आहे आणि त्यात फ्रेडी जोन्सने दुसऱ्याच्या देहात जागा झालेल्या माणसाची जी व्यथा उभी केली आहे, ती भयपटाच्या पलीकडची आहे. बायकोसमोर पडद्याआड बसून तो बोलतो तो प्रसंग मी कितीदा पाहिला तरी गळा दाटून येतो. एक इशारा देतो. या सिनेमात बलात्काराचं एक दृश्य कंपनीच्या वरिष्ठांच्या आग्रहाने घुसडलं गेलं. कुशिंग, फिशर आणि नायिका व्हेरॉनिका कार्लसन या तिघांनाही ते नको होतं. कथेशी त्याचा काही संबंध नाही. ते पुढे ढकलून बघितलंत तर काहीही हरवत नाही.

कुशिंगसाठी आणखी चार सिनेमे सांगतो, याच क्रमाने बघा.

'द ममी' (१९५९): या सिनेमाच्या पोस्टरवर ममीच्या छातीला आरपार भोक आणि त्यातून प्रकाशाचा झोत असं चित्र होतं. असं काही पटकथेत नव्हतं. पोस्टर बघून येणाऱ्या प्रेक्षकाची फसवणूक नको म्हणून कुशिंगने ममीच्या देहातून भाला आरपार घालण्याचा प्रसंग स्वतः सुचवला. प्रेक्षकाबद्दल इतका आदर असलेला नट विरळा.

'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' (१९६०): यात ली नाही आणि त्याची उणीव भासत नाही, हे मी लीचा भक्त असूनही म्हणतो. पिशाच्चाने चावा घेतल्यावर व्हॅन हेल्सिंग पवनचक्कीत एकटा तापलेल्या लोखंडाने स्वतःची मान डागतो. कुशिंगच्या चेहऱ्यावरची वेदना बघा, आणि त्यानंतरची सुटका बघा. हॅमरचा एकच सिनेमा ठेवायचा म्हटलं तर मी हाच ठेवीन.

'कॅश ऑन डिमांड' (१९६१): हा भयपट नाही. एक शिस्तखोर बँक मॅनेजर, एक हसरा दरोडेखोर, नाताळच्या तोंडावरचा दिवस, आणि जवळजवळ सगळी गोष्ट बँकेत. पण कुशिंग आणि आंद्रे मोरेल समोरासमोर बसतात तेव्हा हॅमरची ताकद राक्षसांत नव्हती, हे एका बैठकीत कळतं.

आणि 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२). कुशिंगची पत्नी हेलन जानेवारी १९७१मध्ये गेली. त्या धक्क्यातून तो कधीच पुरता सावरला नाही. त्याच वर्षी चित्रित झालेल्या या सिनेमात त्याने ग्रिम्सडाइक नावाचा विधुर म्हातारा केला आहे. मृत बायकोशी बोलणारा, शेजारच्या मुलांवर जीव लावणारा, आणि श्रीमंत शेजाऱ्यांनी छळून संपवलेला. हा अभिनय तंत्राच्या हिशेबात मोजता येत नाही. 'ड्रॅक्युला ए. डी. १९७२'मध्ये तो मूळ पटकथेनुसार एका तरुणीचा बाप असणार होता. पत्नीच्या मृत्यूनंतर तो इतका थकलेला दिसू लागला की नातं बदलून आजोबा करावं लागलं.

ख्रिस्तोफर ली: ड्रॅक्युला सोडून

लीने हॅमरसाठी सात वेळा ड्रॅक्युला केला. सातही बघू नका. १९५८चा पाहिलात, आता १९६६चा 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' बघा आणि थांबा. या सिनेमात तो एक शब्दही बोलत नाही. ली सांगायचा की संवाद इतके वाईट होते की आपण म्हणायला नकार दिला. सँगस्टर म्हणायचा की पिशाच्चं गप्पा मारत नाहीत, आपण संवाद लिहिलेच नव्हते. कुणाचंही खरं असो, मौन परिणामकारक आहे.

मग 'द डेव्हिल राइड्स आउट' (१९६८). इथे ली नायक आहे. काळी विद्या जाणणारा पण तिच्या विरोधात उभा राहणारा ड्यूक द रिशलो. डेनिस व्हीटलीच्या कादंबरीवर सिनेमा करा म्हणून लीनेच हॅमरच्या मागे लकडा लावला होता. खडूच्या वर्तुळात चौघं रात्र काढतात तो प्रसंग याचा कळस. नारायण धारपांच्या समर्थांवर ज्यांनी लहानपणी जीव टाकला असेल, त्यांना या ड्यूकशी ओळख करून घ्यायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. चार्ल्स ग्रेने केलेला खलनायक मोकाटा मात्र लीइतकाच लक्ष देऊन बघा. तो गोड बोलून, आवाज जराही न चढवता एका बाईला तिच्याच दिवाणखान्यात संमोहित करतो.

लीचा सर्वोत्तम अभिनय माझ्या मते हॅमरबाहेर आहे, 'द विकर मॅन'मध्ये. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

पडद्यामागे बघण्याचा एक खेळ

१९६५मध्ये हॅमरने ब्रेमध्ये चार सिनेमे पाठोपाठ काढले. आधी 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि 'रासपुतिन द मॅड मंक' ही जोडी, मग 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' आणि 'द रेप्टाइल' ही जोडी. प्रत्येक जोडीत तेच सेट नवा रंग आणि नवं सामान घालून वापरले. एका शनिवारी एक जोडी लावा आणि ओळखत बसा: ड्रॅक्युलाच्या किल्ल्याची दर्शनी बाजू रशियात कुठे दिसते, झॉम्बींच्या गावातली घरं नागकन्येच्या गावात कोणत्या कोनातून आली आहेत. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सनचं मोठेपण हा खेळ खेळल्याशिवाय कळत नाही. एरवी त्याच्या चार भिंती आणि एक जिना आपल्याला अख्खा युरोप वाटतात.

याच ओघात 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ' (१९६१) बघा. ही गोष्ट स्पेनमध्ये घडते, कारण धर्मन्यायालयावरच्या एका रद्द झालेल्या सिनेमासाठी स्पॅनिश गाव आधीच उभं केलेलं होतं. ते वाया घालवण्यापेक्षा लांडग्याला स्पेनमध्ये नेलं गेलं. तरुण ऑलिव्हर रीडची ही पहिली मोठी भूमिका, आणि रॉय अॅश्टनची रंगभूषा आजही दाद देण्यासारखी आहे.

छायालेखक जॅक अॅशर कोपऱ्यात जांभळा, हिरवा, गुलाबी उजेड ठेवायचा, ज्याला कथेत काहीच कारण नसायचं. 'ब्राइड्स'मध्ये हे सगळ्यांत सुंदर दिसतं. त्याला प्रकाशयोजनेला वेळ लागायचा, म्हणून कंपनीने पुढे त्याच्याऐवजी आर्थर ग्रँटला घेतलं. आणि जेम्स बर्नार्डचं संगीत: 'ड्रॅक्युला'च्या मुख्य धूनमध्ये ते नावच अक्षर-अक्षर वाजतं. एकदा ऐकू आलं की मग दर वेळी ऐकू येतं.

दुय्यम भूमिकांतली माणसं

हॅमरच्या दुसऱ्या फळीसाठी वेगळी वही ठेवावी इतकी ती समृद्ध आहे. मायकल रिपर तिसाहून अधिक हॅमरपटांत आहे: खानावळवाला, गाडीवान, पोलीस, दारुडा. 'द रेप्टाइल'मध्ये त्याला एकदा मनासारखी मोठी भूमिका मिळाली, ती चुकवू नका. बार्बरा शेली 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये कडक, घाबरट गृहिणी म्हणून येते आणि पिशाच्च झाल्यावर तिच्या सगळ्या हालचालीच बदलतात. एकाच सिनेमात दोन बायका. मग 'क्वाटरमास अँड द पिट' (१९६७) मध्ये तिला एका शास्त्रज्ञाच्या भूमिकेत बघा, सोबत अँड्र्यू कीअरचा तापट पण सज्जन प्राध्यापक. लंडनच्या भुयारी रेल्वेचं काम चालू असताना जमिनीतून काहीतरी निघतं, यापुढे मी सांगणार नाही.

इन्ग्रिड पिट 'द व्हॅम्पायर लव्हर्स' (१९७०) मुळे गाजली. सिनेमा तिच्या सौंदर्यावर विकला गेला. पण तिच्या कार्मिला या पिशाच्चात एक खरा एकटेपणा आहे. लहानपणी नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या या पोलिश मुलीने तो कुठून आणला, हे विचारायची गरज पडत नाही.

कृष्णधवल: जिथे खरी भीती आहे

"भीती वाटली नाही" म्हणणाऱ्यांसाठी हा भाग. इथे रात्री, एकट्याने, आवाज जरा मोठा ठेवून बसायचं.

'द इनोसंट्स' (१९६१). सुरुवातीला पडदा पूर्ण काळा राहतो आणि एका लहान मुलीचं गाणं ऐकू येतं. टीव्ही बिघडलेला नाही, रिमोट शोधू नका. जॅक क्लेटनचं दिग्दर्शन, डेबोरा कर शिक्षिका, मोठ्या घरात दोन पोरकी मुलं आणि दोन मेलेली माणसं, कदाचित. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने रुंद चौकटीच्या कडा अंधाऱ्या राहाव्यात म्हणून रंगवलेले फिल्टर वापरले. त्यामुळे आपली नजर सारखी कडेला जाते, तिथे कुणी आहे का बघायला. तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली बाई दिसते ते दृश्य भर दुपारचं आहे. ती काहीही करत नाही, नुसती उभी असते. मला आजवर इतकी भीती दुसऱ्या कुठल्याच दृश्याने वाटली नाही. डेबोरा करचा चेहरा पूर्ण सिनेमाभर वाचत राहा: मुलांना वाचवणारी बाई आणि मुलांना धोका असलेली बाई, दोन्ही त्याच एका चेहऱ्यावर आहेत.

'नाइट ऑफ द डीमन' (१९५७). निर्मात्याच्या हट्टाने राक्षस सुरुवातीलाच दाखवला आहे. दिग्दर्शक जाक टूर्नरला ते नको होतं. तेवढ्यावरून सिनेमा बंद करू नका. नायल मॅकगिनिसचा कार्सवेल गावातल्या मुलांसाठी विदूषक होऊन जादूचे खेळ करतो आणि मग सहज म्हणून वादळ उठवतो. आईला जपणारा, स्वतःच्याच विद्येला घाबरलेला खलनायक. असा खलनायक कुशिंग आणि लीलाही मिळाला नाही.

'डेड ऑफ नाइट' (१९४५) ईलिंग स्टुडिओचा, चार दिग्दर्शकांचा. युद्धकाळात ब्रिटिश सेन्सॉरने भयपटांना बंदी घातली होती. युद्ध संपताच हा आला. पाहुण्यांनी सांगितलेल्या गोष्टींची ही माळ आहे. गोल्फची गोष्ट कच्ची आहे, सोसून घ्या. मायकल रेडग्रेव्हचा बोलक्या बाहुल्याचा कलावंत त्यानंतर येतो.

वेळ कमी असेल तर: अमिकस

मिल्टन सुबोट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकनांनी इंग्लंडमध्ये चालवलेल्या अमिकस कंपनीने एका सिनेमात चार-पाच छोट्या गोष्टी हा प्रकार रूढ केला. घरात मंडळी जमली असतील आणि प्रत्येकाचं लक्ष वीसच मिनिटं टिकत असेल, तर हेच लावा. 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स' (१९६५) मध्ये कुशिंग रेल्वेच्या डब्यात सहप्रवाशांचं भविष्य पत्त्यांवर सांगतो, आणि ली एका उर्मट कलासमीक्षकाच्या भूमिकेत धमाल करतो. 'फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह' (१९७४) मध्ये कुशिंग जुन्या वस्तूंचा दुकानदार आहे. जो गिऱ्हाईक त्याला फसवतो, त्याचं पुढे काय होतं ते बघा.

माती, शेत आणि जुने देव

तीन सिनेमे, आणि हे तीनही हॅमरचे नाहीत.

'विचफाइंडर जनरल' (१९६८): सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला चेटकिणी शोधणारा मॅथ्यू हॉपकिन्स. दिग्दर्शक मायकल रीव्ह्जला या भूमिकेसाठी डोनाल्ड प्लेझन्स हवा होता. अमेरिकन भागीदारांनी व्हिन्सेंट प्राइस दिला. रीव्ह्जने प्राइसच्या सगळ्या नाटकी लकबी काढून घेतल्या, दोघांचे खटके उडाले, आणि प्राइसचा सर्वांत थंड, सर्वांत भयंकर अभिनय पडद्यावर आला. सफकमधली शेतं बघत राहावीत इतकी हिरवी आहेत आणि त्यातच माणसं माणसांना जाळतात. रीव्ह्ज पुढच्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी गेला.

'द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' (१९७१): नांगराच्या फाळाला एक विचित्र कवटी लागते आणि गावातली पोरं बदलू लागतात. यातही अत्याचाराचं एक जड दृश्य आहे, सोबत कोण आहे ते बघून लावा.

आणि 'द विकर मॅन' (१९७३). याबद्दल आधी काहीही वाचू नका, पोस्टरसुद्धा बघू नका. लीने यात मानधन घेतलं नाही. त्याचा लॉर्ड समरआइल हसतमुख, गाणारा, रसिक माणूस आहे, आणि एडवर्ड वुडवर्डचा पोलीस तितकाच ताठ, देवभोळा. कुणाच्या बाजूने उभं राहावं ते शेवटपर्यंत ठरत नाही. गोष्ट मे महिन्यातली, चित्रीकरण मात्र दक्षिण-पश्चिम स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत झालं. झाडांना पानं-फुलं चिकटवली गेली. याच्याही तीन लांब्या आहेत. २०१३ची सुमारे ९४ मिनिटांची आवृत्ती पहिल्या खेपेला घ्या. मूळची ८८ मिनिटांची प्रत जरा घाईची वाटते.

आपल्या बाजूने बघताना

हॅमरने 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' नावाचा सिनेमाही काढला, १९५९मध्ये, ठगांवर. नावात मुंबई असली तरी तो ब्रेमध्येच झाला. गोऱ्या नटांना सावळा रंग फासलेला, कालीची भक्ती म्हणजे निव्वळ क्रौर्य, आणि सुटका करणारा कंपनी सरकारचा कॅप्टन. कलकत्त्यात जन्मलेला मार्न मेटलंड त्यात आहे. सुरुवात यापासून करू नका. ओळख झाल्यावर, साम्राज्य मावळताना इंग्रज माणूस आपल्याला कसा आठवत होता, ते समजून घ्यायला बघा. त्यापेक्षा 'द ममी'मधला एक प्रसंग कितीतरी प्रामाणिक आहे. कुशिंगचा इंग्रज संशोधक मुद्दाम इजिप्शियन पाहुण्याच्या देवाची हेटाळणी करतो आणि जॉर्ज पास्टेलचा मेहमेत बे संयम राखून उत्तर देतो. त्या दोन मिनिटांपुरती सहानुभूती जाते ती पाहुण्याकडे.

हॅमरचा रंग पुढे आपल्याकडेही उतरला. रामसे बंधूंनी १९७२चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' महाबळेश्वरला चित्रित केला, आणि 'बंद दरवाज़ा'मधला (१९९०) झगेवाला पिशाच्च लीचं ऋण लपवत नाही. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' बघून झाल्यावर तो लावा, सरळ तुलना करता येते.

नगरशी जोडलेला धागा मात्र मला सगळ्यांत प्रिय आहे. बोरिस कार्लोफ, हॉलिवूडचा मूळ फ्रँकेन्स्टाइन-राक्षस, लंडनच्या कॅम्बरवेलमध्ये १८८७मध्ये विल्यम हेन्री प्रॅट म्हणून जन्मला. वडील हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला होते. त्याच्या आईची मावशी अॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांची शिक्षिका म्हणून जगभर प्रसिद्ध झालेली. अॅना १८३१मध्ये अहमदनगरला जन्मली, आणि आपण वेल्समध्ये जन्मलो असं आयुष्यभर सांगत राहिली. कार्लोफच्या सावळ्या रंगामागे हेच अँग्लो-इंडियन घराणं होतं.

त्याच्यासाठी या वाटचालीतला शेवटचा सिनेमा म्हणून 'द सॉर्सरर्स' (१९६७) निवडा, पुन्हा मायकल रीव्ह्जचाच. चित्रीकरणाच्या वेळी कार्लोफ ७९ वर्षांचा होता. लंडनमधल्या साध्या घरात राहणारं एक विस्मृतीत गेलेलं म्हातारं जोडपं एका तरुणाचा मेंदू ताब्यात घेतं आणि त्याच्या अनुभवांवर जगू लागतं. नवऱ्याला थांबायचं असतं, बायकोला चटक लागते. कॅथरीन लेसी बायकोच्या भूमिकेत अंगावर येते, आणि ज्याला जग राक्षस म्हणून ओळखत होतं तो नट इथे स्वतःच्या बायकोला घाबरलेला, काठी टेकत चालणारा नवरा आहे. पहिल्या खेपेला गोष्टीसाठी बघा. दुसऱ्या खेपेला, ती दोघं स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसलेली असतात तेव्हा, तरुणाकडे लक्ष न देता फक्त कार्लोफकडे बघा.